उडी आधी, कॅमेरा मग
हवाई दलाची ‘आकाशगंगा’ तुकडी एएन-32 च्या मागच्या उघड्या दारातून झेपावते, तेव्हा सोबत उडी मारून चित्रण करणाऱ्याची खरी कसोटी कॅमेऱ्याची नसते, वेळेची असते. ताशी 216 किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला 60 मीटर कापते. सेकंदभर रेंगाळलेला कॅमेरावाला जोडीदारापासून कुर्ल्याच्या फलाटावरल्या लोकलचे जवळपास तीन डबे दूर पडतो. मग झूम करा, असे कुणी म्हणेल. पण हेल्मेटवरचा कॅमेरा मानेबरोबर हलतो. झूम जितका जास्त, तितका माणूस चौकटीतून लवकर निसटतो. अमेरिकी पॅराशूट संघटना कॅमेऱ्याआधी 200 उड्यांचा अनुभव सुचवते, ते उगाच नव्हे. हौशींनी आधी उडी पक्की करावी.