तिसरा आठवडा आपला

गेल्या काही अंकांत हे सदर दिसले नाही, तेव्हा काहीजणींनी पत्रे पाठवून आपुलकीने चौकशी केली. खरे कारण सांगावे की नाही, याचा खूप विचार केला. मग वाटले, वाळवणाचे अन् साठवणीचे तुम्हांला सांगते, तर हेच का लपवायचे? मला स्तनाचा कॅन्सर झाला आहे. ऑपरेशन झाले, आता केमोथेरपी चालू आहे. एकवीस दिवसांचा एक फेरा, असे आठ फेरे. पाचवी केमो नुकतीच झाली, तीन राहिल्या.

आधी माझी चूक सांगते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावताना गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. घरात नणंदेचे लग्न ठरलेले. म्हटले, कार्य पार पडू दे, मग बघू. दुखत नाही म्हणजे काही नसेल, अशी स्वतःची समजूत घातली आणि दोन महिने घालवले. डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले, की अशा गाठी बहुतेक वेळा दुखतच नाहीत. मैत्रिणींनो, कार्ये होतच राहतात. तुम्ही थांबू नका.

घरी कळल्यावर धीर देणाऱ्यांची रीघ लागली. "काही होत नाही गं, नुसती आनंदी राहा!" प्रत्येकीचा हेतू चांगला. पण रात्री पोटात ढवळत असताना आनंदी कसे राहायचे? डोळ्यांत पाणी आले, की उलट भीती वाटे, आपण रडतो म्हणून आजार वाढेल का? एकदा धीर करून डॉक्टरांना विचारलेच. ते म्हणाले, "रडल्याने गाठ वाढत नाही. खुशाल रडा, फक्त तारीख चुकवू नका." त्या वाक्याने मनावरचे केवढे ओझे उतरले म्हणून सांगू!

आशा ठेवायची म्हणजे काय करायचे, हे मला भिंतीवरच्या कॅलेंडरने शिकवले. पहिल्या दोन फेऱ्यांत रोज कसे वाटते ते मी तारखेखाली पेन्सिलीने टिपत गेले. लक्षात आले, की पहिला आठवडा मळमळीचा आणि थकव्याचा. दुसरा जपण्याचा, कारण त्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि कुठलाही संसर्ग पटकन होतो. तिसऱ्या आठवड्यात मात्र जिभेला चव येते, पायांत बळ येते. तो आठवडा माझा! सासूबाई म्हणतात, "एकवीस म्हणजे गणपतीचाच आकडा." मी त्यातले शेवटचे सात माझ्यासाठी मागून घेतले आहेत.

पहिल्या आठवड्यात फोडणीच्या वासाने ढवळते, म्हणून सासूबाई स्वयंपाकघराचे दार लोटून फोडणी करतात आणि मला मऊ खिचडी कोमट करून देतात. गरम अन्नाचा वास जास्त येतो. दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी दर दोन-तीन तासांनी चार घास बरे पडतात. दुसऱ्या आठवड्यात बाहेरचे, उघड्यावरचे, चिरून ठेवलेले काही नाही, पाणी उकळलेले. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त भरला, तर तापाची गोळी घेऊन घरी वाट पाहू नये. रात्र असो की सण, रुग्णालय गाठावे. कुणी सुचवलेली मुळी, काढा, चूर्णही डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. प्रत्येकीचे औषध वेगळे, फेरे वेगळे. तुमची टिपणे तुम्हीच करा.

केस पहिल्या केमोनंतर अडीच आठवड्यांनी जायला लागले. त्याआधीच लेकीने हट्टाने माझी वेणी कापली. औषध थांबले की केस परत येतात, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले होते. चैत्रगौरीचे हळदीकुंकू तिसऱ्या आठवड्यात आले. डोक्याला रुमाल बांधून जावे की न जावे? शेवटी गेले. एका बाईंनी पन्ह्याचा पेला माझ्यासाठी वेगळा ठेवला, तेव्हा काळजात चर्र झाले. हा आजार शिवल्याने, उष्ट्यामाष्ट्याने लागत नाही. यजमानीणबाईंनी काही न बोलता त्यांच्याच तांब्यातून मला पन्हे ओतून दिले. घरी येताना मी रडले. पण त्या दिवशी आंबेडाळीची चव लागली होती, तेही खरे.

एका रात्री लेकीने विचारले, "आई, तू बरी होणार ना?" आमचे हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटले, "बाळा, मला नक्की माहीत नाही. पण त्यासाठीच आम्ही सगळे झटतोय. आणि काही कळलं तर तुझ्यापासून लपवणार नाही." ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "तिसऱ्या आठवड्यात आपण काय करायचं?"

तुमच्यासाठी एक आशेची गोष्ट. मुंबईत १९९८ पासून वीस वर्षे टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन अभ्यास केला. प्रशिक्षित सेविकांनी नुसत्या हातांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हातांनी केलेली तपासणी! तिशी ओलांडली की तीही करून घ्या, आणि गाठ लागली तर वयाचा हिशेब करत बसू नका.

डॉक्टरांनी मला शंभर टक्क्यांचा शब्द दिलेला नाही. मीही मागत नाही. येत्या तिसऱ्या आठवड्यात कैरीचे लोणचे घालायचे ठरले आहे. हात सासूबाईंचे, फोडी पुसायला लेक, आणि मीठ-मोहरीचा अंदाज माझा. प्रमाण पुढच्या लेखात देते. बरण्या तेवढ्या उन्हात वाळवून ठेवा.