साठ नॅनोसेकंदांचा घोळ

प्रकाशापेक्षा वेगाने काही धावू शकतं का, असं शाळकरी मुलं अम्मी-अब्बांना हमखास विचारतात. उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण २०११ साली काही महिने तेही डळमळलं होतं.

न्यूट्रिनो हा अणूहून कितीतरी लहान कण. त्याला विद्युतभार नाही, वस्तुमान नावापुरतं. सूर्याकडून आलेले असे हजारो कोटी कण दर सेकंदाला आपल्या अंगठ्याच्या नखातून आरपार जातात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. डोंगर काय, अख्खी पृथ्वीही त्यांना अडवत नाही. म्हणूनच जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो खडकातून सरळ ७३० किलोमीटर जाऊन इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोहोचत. (या दोन ठिकाणांमधल्या बोगद्याला आम्ही हातभार लावला, असं पत्रक इटलीच्या शिक्षण मंत्रालयाने काढलं होतं! बोगदा मुळात नव्हताच. त्यांची फार टर उडाली.)

या प्रवासाला सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. ‘ऑपेरा’ गटाच्या मोजणीत कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताना दिसले. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. फरक एवढासा, पण आइनस्टाइनचा सगळा हिशेब त्यावर अडला. गटाने महिनोन्‌महिने चूक शोधली, सापडली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी आकडे जगापुढे ठेवले आणि इतरांना म्हटलं, तुम्हीच तपासा.

शंकेला जागा होती. १९८७ साली सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट दिसला. त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या फक्त काही तास आधी आले, तेही प्रकाश ताऱ्याच्या थरांत अडकून उशिरा निघाला म्हणून. ‘ऑपेरा’ने मोजलेल्या वेगाने ते धावले असते, तर चार वर्षं आधी यायला हवे होते.

दोष निघाला एका केबलमध्ये. उपग्रहाकडून मिळालेली वेळ संगणकापर्यंत नेणारी ही केबल घट्ट बसलीच नव्हती. मार्च २०१२ मध्ये त्याच डोंगराखालच्या ‘इकारस’ गटाने वेगळी मोजणी जाहीर केली. वेग प्रकाशाइतकाच निघाला. त्याच महिन्यात ‘ऑपेरा’चे प्रमुख अँतोनियो एरेदितातो आणि समन्वयक दारिओ आउतिएरो यांनी पदं सोडली.

मला ही किंमत जरा जास्तच वाटते. केबल आधी तपासायला हवी होती, कबूल. पण त्यांनी काही लपवलं नव्हतं, आणि दोष शोधला तोही त्यांच्याच गटाने. जूनमध्ये क्योतोच्या परिषदेत दुरुस्त केलेले आकडे याच गटाने मांडले.