सुट्टीनंतरचा पहिला दिवस



गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्यांना एक गोष्ट आठवत असेल. रविवारची सुट्टी संपवून वडील सोमवारी पाळीवर जात आणि संध्याकाळी छाती धरूनच परत येत. दम लागे, खोकल्याची उबळ येई. बुधवार-गुरुवारपर्यंत जरा हलके वाटे. शेजारीपाजारी म्हणत, "सुट्टीत जास्त झाली असेल." मुकादम म्हणे, "कामाचा कंटाळा!"

तो कंटाळा नव्हता. कापसाच्या धुळीने फुफ्फुसाला होणाऱ्या आजाराची ती खूण होती. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला त्रास सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी होतो, पुढे रोजचाच होतो. वर्षानुवर्षे धूळ छातीत गेली की फुफ्फुसाचे कायमचे नुकसान होते.

ही धूळ आपल्या माणसांच्या वाट्याला आली, त्याला जातही कारण होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात कमाई जास्त होती. पण धोट्यात नवी कांडी घालताना धागा तोंडाने ओढावा लागे. म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव होता. ते कताईकडच्या खात्यांत राहिले आणि तिथे धूळ अधिक. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता.

आता प्रश्न असा, की हा आजार ओळखायचा कोणी? एकटा कामगार दवाखान्यात गेला तर त्याला खोकल्याचे औषध मिळते. पण कारखान्यातली सिस्टर रोज तिथेच बसते. एकाच खात्यातले आठ-दहा जण सुट्टीनंतरच्याच दिवशी छातीची तक्रार घेऊन आले, तर ते तिच्या रजिस्टरात दिसते. मग दोष माणसात नसून खात्यात आहे, हे ती डॉक्टरांना आणि व्यवस्थापनाला दाखवू शकते. फुंकून घ्यायची फुफ्फुसाची तपासणी, कानाची तपासणी, रक्तदाब यांचा पाठपुरावाही तिचाच. मलमपट्टी हे तिचे अर्धेच काम आहे.

हे काम आजकालचे नाही. १८७८ साली इंग्लंडमधील नॉर्विच येथे कोलमन यांच्या मोहरीच्या कारखान्यात फिलिपा फ्लॉवरडे या परिचारिकेची नेमणूक झाली. सकाळी त्या दवाखान्यात डॉक्टरांना मदत करीत आणि मग आजारी कामगारांच्या घरी जाऊन विचारपूस करीत.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात ५०० पेक्षा जास्त कामगार असतील तर अँब्युलन्स रूम व परिचारिका वर्गाची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. अँब्युलन्स रूमची तरतूद तिच्यातही आहे. शिवाय ठरावीक कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने मोफत करून द्यायची आहे.

तरीही आपली माणसे सिस्टरकडे जायला बिचकतात. "ती पगार मालकाचा घेते. आजार कळला तर काम जाईल," असे म्हणतात. ही भीती खोटी नाही. पण रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणे हा परिचारिकेचा धर्म आहे. या खात्यात काम करण्यास हा माणूस योग्य की नाही, एवढेच तिने वर कळवायचे असते. खाते बदलून मागणे हा काही गुन्हा नव्हे. एकट्याला जायला भीती वाटत असेल तर चौघे मिळून जा.

मी कारकून आहे. कागदावर नाही ते घडलेच नाही, असा कचेरीचा कारभार असतो, हे रोज पाहतो. बिसिनोसिस हा नुकसानभरपाईच्या यादीतला आजार आहे. पण नोंदच नसेल तर भरपाई मागणार कशाच्या जोरावर? म्हणून सिस्टरकडून नुसती गोळी घेऊन परतू नका. खाते कोणते, तिथे किती वर्षे, त्रास कोणत्या दिवशी, हे सांगा, लिहून घ्यायला लावा आणि आपली चिठ्ठी जपून ठेवा. लहान कारखान्यात सिस्टर नसेल तर विमा दवाखान्यातल्या डॉक्टरांना हेच सांगा. माताभगिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खोकल्याच्या दिवसांवर खूण करावी. तो कागदही पुढे उपयोगी पडतो.

अतिसाराने आजारी भिक्खू घाणीत पडला होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला बरोबर घेऊन स्वतः त्याला अंघोळ घातली आणि भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करण्यास सांगितले. उपयोग संपला की माणूस टाकून द्यायचा, ही रीत तथागतांनी मानली नाही. आपणही मानू नये.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर एवढेच विचारा, "सुट्टीनंतर कामावर गेल्यावर कोणाची छाती भरून येते?" जितके हात वर होतील तितक्यांची नावे लिहून घ्या. पुढचे काम तिथूनच सुरू होईल.

जयभीम!