फरशी कोणी पुसली?

आमची भिशी नऊ जणींची. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी खामगावात कुणा एकीच्या घरी जमायचं, चिठ्ठी काढायची, शेगावहून कुणी आलं असेल तर कचोरी, नाहीतर घरचाच चिवडा आणि चहा. गप्पा ठरलेल्या, म्हणजे सुना, गुडघे आणि नळाचं पाणी. मागच्या खेपेला जिच्याकडे भिशी होती तिची लेक पुण्याहून सुट्टीला आलेली. ती म्हणाली, "तुम्ही दरवेळी तेच ते बोलता. आज सिनेमा लावते." आणि तिने लावला 'अंधाधुन'.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बराचसा सांगावा लागेल, तेव्हा रहस्य जपायचं असेल तर सिनेमा पाहूनच पुढे वाचा. २०१८ सालचा श्रीराम राघवन यांचा हा सिनेमा पुण्यात घडतो. आयुष्मान खुराना आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक. एक उतारवयाचा जुना नट लग्नाच्या वाढदिवशी तरुण बायकोला गाण्याची भेट द्यायची म्हणून त्याला घरी बोलावतो. हा पोहोचतो तर नवऱ्याचा खून झालेला आहे, बायको म्हणजे तब्बू दारात उभी आहे आणि तिचा मित्र आत लपलाय. समोरच्या फ्लॅटमधली म्हातारी शेजारीण दार उघडून बघत असते, म्हणून तब्बूला याला आत घ्यावंच लागतं. आंधळा तर आहे, बघणार काय! मग हा पियानो वाजवतोय आणि त्याच्या पाठीमागे ते दोघं खाणाखुणा करत प्रेत बॅगेत कोंबताहेत. चकार शब्द नाही. ते प्रेत मावता मावत नाही, आणि आम्ही नऊ जणी पोट धरून हसतोय.

हो, हसलो. खोटं कशाला सांगू?

त्या हसण्यातच आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, सत्तरीच्या पुढच्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "माय व! एवढं रगत सांडलं अन् फरशी चकचकीत? पुसली कोनं? अन् ते फडकं कुठं टाकलं?" पुन्हा हशा. पण खरं सांगते, इतकं नेमकं परीक्षण मी पेपरातही वाचलं नाही. या सिनेमाबद्दल पुरुष मंडळी आजवर एकच वाद घालत आली आहेत. शेवटी काठीने तो डबा उडवतो, म्हणजे त्याला दिसत होतं की नव्हतं? आमच्याकडे त्या डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. आमच्याकडचे प्रश्न होते, फरशी कोणी पुसली, आणि त्या शेजारणीचं काय झालं?

शेजारणीचं वाईट झालं. तिने पोलिसाला सांगितलं की त्या घरात मी एक माणूस बघितला होता. तब्बूने तिला वरून ढकलून दिलं. सिनेमा तिथे फार थांबत नाही, पुढे पळतो. बिचारीचा गुन्हा काय, तर दार उघडून बघितलं. आमच्या गल्लीत तर दिवसभर सगळी दारं उघडीच असतात! काकू शेवटपर्यंत त्या म्हातारीलाच धरून बसल्या होत्या. ज्या छाया कदम आपल्याला 'सैराट' आणि 'लापता लेडीज'मधून माहीत आहेत, त्या यात लॉटरीची तिकिटं विकणारी सखूमावशी झाल्या आहेत. मावशी म्हणतात म्हणून चांगली असेल, असं एकीला वाटलं होतं. तिचा फारच विरस झाला.

आता कुणी म्हणेल, बायकांनी असले सिनेमे बघावेत का? माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी तर मला स्पष्टच विचारलं, "यातून तुम्ही घेणार काय?" मला त्यात वावगं काही वाटत नाही. मरणावर हसणं आपल्याला नवं थोडंच आहे! सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' १९७४ सालचं. त्यात मेलेला माणूस स्वतःच कीर्तन करतो. आणि कुठल्याही घरी दहाव्या-तेराव्याला मागच्या खोलीत बायका बसतात, तिथे रडता रडता कधी हसू फुटतं हे ज्या बसल्यात त्यांना ठाऊक आहे. हसलं म्हणजे दुःख झालं नाही, असं नसतं.

भाडोत्री मारेकऱ्यांचे विनोदी सिनेमेही काही आजचे नाहीत. १९८७ चा कमल हासनचा 'पुष्पक' आठवतो का? अख्ख्या सिनेमात एक संवाद नाही, त्यामुळे तो कुठल्याच भाषेत परका वाटत नाही. त्यात एका श्रीमंत माणसाच्या बायकोचा प्रियकर त्याला मारायला मारेकरी नेमतो. तो मारेकरी टिनू आनंद, आणि त्याचं हत्यार म्हणजे बर्फाचा सुरा. मारलं की वितळणार, पुरावा राहणार नाही. पण मारायच्या आधीच वितळला तर? सगळी गंमत त्यात आहे. मेहनती, व्यवस्थित, कामावर वेळेत येणारा खुनी, आणि दर वेळी फजिती! त्या सिनेमात मला हसवून गप्प करणारा प्रसंग मात्र वेगळाच आहे. रस्त्यावरचा एक भिकारी मरतो. त्याच्या अंथरुणाखाली पैसे सापडतात, आणि त्याला न्यायला आलेली माणसं प्रेत तिथंच टाकून नोटांवर तुटून पडतात.

परदेशातला 'पल्प फिक्शन' मी फार उशिरा पाहिला. १९९४ चा, कानला त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात दोन भाडोत्री मारेकरी आहेत, बोलण्यात पटाईत. गाडीत चुकून बंदूक उडते, मागे बसलेला पोरगा मरतो आणि गाडीभर रक्त. भर सकाळी ते ती गाडी एका मित्राच्या घरी घालतात. आणि आता भीती कुणाची? पोलिसांची नाही हो, मित्राच्या बायकोची! बॉनी तिचं नाव. ती नर्स आहे, रात्रपाळी संपवून थोड्या वेळात घरी पोहोचणार आहे. तिने हे बघितलं तर घटस्फोट देईल, म्हणून मित्र रडकुंडीला आलाय. मग मारेकरी बादल्या, फडकी घेऊन गाडी धुतात. एकाने हात नीट न धुताच टॉवेलला पुसले म्हणून दुसरा त्याला झापतो. डाग झाकायला घरातल्या चांगल्या चादरी मागतात, तर मित्र कळवळून म्हणतो, त्या आमच्या लग्नात आहेरात आलेल्या! बॉनी सिनेमात धड दिसतही नाही, आणि सगळे तिला घाबरून साफसफाई करताहेत. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर जगात एका सिनेमाने दिलंय म्हणायचं. फरशी कोणी पुसली? ज्याने घाण केली त्यानेच.

आणि एक शब्द मनात घोळत राहतो, सुपारी. आपल्या हातातला शब्द आहे हा. पूजेला गणपती म्हणून तांदळावर सुपारी मांडायची, ओटीत सुपारी घालायची, लग्न ठरलं की सुपारी फोडायची. बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, तमाशावाले आजही कार्यक्रमाचा विडा घेताना सुपारी घेतली म्हणतात. एकदा घेतली की शब्द मोडायचा नाही, हा त्यातला अर्थ. तोच शब्द मुंबईच्या टोळ्यांनी उचलला, मग पोलिसांनी, मग सिनेमाने, आणि आता माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलांना सुपारी म्हटलं की पहिल्यांदा खूनच आठवतो. हे काही कुणी मुद्दाम केलं नाही. तरी हळदीकुंकवाला पानसुपारी ठेवताना वाईट वाटतंच.

पण मला मुळात लिहायचंय ते यानंतरचं. सिनेमा संपला, चहा आला, आणि घरमालकीणबाईंचे यजमान बाहेरून आले. टीव्हीकडे बघून म्हणाले, "काय, ट्रेनिंग चाललंय वाटतं? आता चहा आधी मांजराला पाजून मग प्यावा लागेल." सगळ्या हसल्या. मीही हसले, सवयीनं. एक जण हसली नाही.

गेल्या वर्षभरात हा विनोद किती वेळा ऐकला असेल! २०२५ च्या मार्चमध्ये मेरठला एका नवऱ्याचा खून झाला, प्रेत निळ्या ड्रममध्ये सिमेंट भरून ठेवलं होतं, बायको आणि तिच्या मित्राला अटक झाली. मे महिन्यात इंदूरचं नवं जोडपं मेघालयात फिरायला गेलं, नवरा दरीत मृत सापडला, पुढे बायकोसह काही जणांना अटक झाली आणि बातम्यांत 'सुपारी' शब्द लगेच आला. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल. गेलेल्या मुलांच्या आयांच्या दुःखाला तर मोजमाप नाही. पण आपल्याकडे त्याचं झालं काय? व्हॉट्सअ‍ॅपवर विनोदांचा पूर. लग्नाच्या पंगतीत विनोद. ड्रम म्हटला की विनोद. अहो, आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते घरची बाईच जाणते. ड्रम हा आपला संसार आहे! मी स्वतः गेल्या उन्हाळ्यात ड्रम घ्यायला गेले तर दुकानदार हसत विचारतो, "साहेबांना विचारलं का?" मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा शेजारी उभी असलेली दोन गिऱ्हाईकंही हसत होती. मी दोनशे लिटरचा मागत होते तो शंभरचाच घेऊन आले. का, ते अजून सांगता येत नाही.

जी हसली नव्हती तिच्या चुलत बहिणीची गोष्ट आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फार वर्षं झाली. लग्नाला तीन वर्षं, स्टोचा भडका उडाला म्हणाले. बोलणाऱ्यांनी दबक्या आवाजात बोलून घेतलं. त्यावर कुणी सिनेमा काढला नाही, विनोद तर नाहीच नाही. तेव्हा स्टोच्या दुकानात कुणा नवरदेवाला कुणी हसत विचारलं असेल का, "सूनबाईंना विचारलं का?" २०२२ या एका वर्षात देशात हुंडाबळीचे ६,००० हून जास्त गुन्हे नोंदले गेले, म्हणजे दिवसाला सोळाहून जास्त. एवढ्या बातम्यांत एखादा ड्रम कसा उठून दिसतो बघा.

गुरुजींना मी तेच म्हणाले. सिनेमात बायको खून करते म्हणून घरची बायको बिघडत नाही. 'अंधाधुन'मध्ये आपण हसतो ते खुनी माणसांच्या फजितीला. त्यांचा प्रत्येक बेत फसतो, त्यांना क्षणभर स्वस्थता नाही, आणि जो मेला तो नट गमतीशीर असला तरी चांगला माणूस होता हे दिग्दर्शक विसरू देत नाही. (म्हातारीला मात्र तो विसरला. त्यासाठी काकू त्याला माफ करणार नाहीत.) दुकानातल्या विनोदात फजिती कुणाची होते? जिने काहीच केलं नाही तिची. तिनेही हसायचं, नाही हसली तर 'बाई तापट आहे'. गुरुजी म्हणाले, "तुम्ही फार मनाला लावून घेता." बरं.

त्या दुपारी उत्तर दिलं ते पुण्याच्या लेकीनं. वडिलांना म्हणाली, "बाबा, चहा मी केलाय. आणि कप आज तुम्ही विसळा, आई दमलीय." ते जरा गोंधळले, मग खरंच कप उचलून आत गेले. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज यायला लागला तशा काकू मान वळवून म्हणाल्या, "पानी जपून वो भाऊ, नळ चार दिवसांनी येनार हाये!"

पुढची भिशी माझ्याकडे आहे. 'पुष्पक' लावायचं ठरलंय. जी हसली नव्हती तिला मी जाताना विचारलं, दुसरं काही लावू का, देवाधर्माचं, नाहीतर जुनी गाणी? चप्पल घालता घालता म्हणाली, "नको, हाच लाव. फक्त तुझे ते घरी नसताना लाव."

मी शनिवारची दुपार बदलून सोमवारची केली आहे.