घरच्या ओव्हनांतील साखर

पुणेकरांस बिस्किटांचें कौतुक शिकवावयास नको. कॅम्पांत ईस्ट स्ट्रीटवर १९५५ सालीं निघालेल्या कयानी बेकरीच्या श्रूसबेरी बिस्किटांसाठीं लोक आजही रांगा लावतात, आणि परगांवच्या पाहुण्याच्या पिशवींत त्यांचा एक डबा घातल्यावांचून पुष्कळ घरांत निरोप पुरा होत नाहीं. त्याहून जुनी चाल म्हणजे पीठ, तूप व साखर डब्यांतून बेकरींत न्यावयाची आणि नानकटाई भाजून आणावयाची. त्या चालीचा एक गुण सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. साखर किती घालावयाची, हें तेव्हां घर ठरवीत असे. तयार पुड्याबरोबर तो अधिकार कारखानदाराकडे गेला. आतां कित्येक घरीं लहानसा ओव्हन आलेला असतां तो परत कां घेऊं नये?

“आमचा मुलगा तर काडीसारखा, त्याला साखरेचें काय भय?” असें पालक अनेकदां म्हणतात. या समजुतीचें उत्तर पुण्यांतच मिळालेलें आहे. येथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकें इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांशीं ताडून पाहिलीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत आपलीं बालकें वजनानें पुष्कळ हलकीं भरलीं, पण अंगावरील चरबी मात्र त्या मानानें फारशी घटलेली नव्हती. पुढें २००४ सालीं डॉ. याज्ञिक यांनीं स्वतःचें व एका इंग्रज सहकाऱ्याचें उदाहरण छापलें. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३ असा अगदीं एकच. पण इंग्रजाच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. अशा अंगलटीच्या लोकांस मधुमेह लवकर गांठतो. तेव्हां मूल किरकोळ दिसतें एवढ्यावर निश्चिंत राहणें बरें नव्हे.

आतां थोडें त्रैराशिक. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सुचविलें कीं, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पांच टक्क्यांखालीं आणल्यास अधिक हित. पांच टक्के म्हणजे मोठ्या माणसास सुमारें २५ ग्रॅम. समजा, अर्धा किलो पिठांत ३०० ग्रॅम साखर घालून पन्नास नानकटाया केल्या. एकींत ६ ग्रॅम साखर आली. शाळेंतून भुकेलेलें आलेलें मूल चार सहज खातें. म्हणजे २४ ग्रॅम! दूध, चहा, जॅम यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

पण साखर एकदम अर्ध्यावर आणूं नये. ती केवळ गोडीसाठीं नसते. तुपाबरोबर फेसतांना ती हवा धरून ठेवते, भट्टींत बिस्किट पसरविते, त्यास खुसखुशीतपणा व तांबूस रंग देते. म्हणून पहिल्या खेपेस ३०० ऐवजीं २५०, मग २२५, पुढें २००, असें उतरावें. कमी साखरेचा गोळा फारसा पसरत नाहीं, यास्तव तो हातानें चपटा करावा. रंगही फिकाच राहतो. तांबूस होण्याची वाट पाहिली तर बिस्किट दगड होतें. वेलची, जायफळ व चिमूटभर मीठ यांनीं उणीव बरीच झांकली जाते. आणि घरांत याची दवंडी पिटूं नये. “आजपासून साखर कमी” असें सांगितलें कीं पहिल्याच घासाला सर्वांचीं तोंडें वांकडीं होतात. न सांगतां केलें तर जीभ हळूहळू वळण घेते.

गुळाच्या बिस्किटांचें सध्यां मोठें प्रस्थ आहे. गुळाचा स्वाद मला स्वतःला प्रिय आहे. परंतु गूळ हीही मुख्यत्वें उंसाची साखरच, आणि मधाची गणना आरोग्य संघटना त्याच सदरांत करते. “साखर नाहीं, गूळ आहे” असें सांगून दुप्पट किंमत घेणाऱ्यास ग्राहकानें एवढें तरी विचारावें, गूळ किती? शिवाय नानकटाईंतील तूप व मैदा कोठें जात नाहींत. साखर कमी केली म्हणून ती औषध ठरत नाहीं.

दिवाळीच्या किंवा नाताळाच्या करंजीकडे मात्र मी वक्र दृष्टीनें पाहणार नाहीं. वर्षांतील चार दिवसांनीं कोणाचें बिघडत नाहीं. बिघडतें तें उरलेल्या दिवसांच्या डब्यानें. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें मे २०२५ मध्यें आपल्या शाळांस साखरेचे फलक लावावयास सांगितलें, हें उत्तम झालें. पण फलक भिंतीवर असतो आणि डबा स्वयंपाकघरांत भरला जातो. तो सारा भार आईवरच कां? विद्यार्थिमित्रहो, मुलांनींही तराजू हातीं घेऊन साखर तोलावी, पिठाशीं तिचें प्रमाण काढावें व वहींत मांडावें. तापलेला पत्रा बाहेर काढण्याचें काम तेवढें वडिलांवर सोंपवावें.