छातीच्या फोटोचा हिशेब

ग्रामीण महाराष्ट्रात क्ष-किरण तपासणीला 'छातीचा फोटो' म्हणतात. हा फोटो काढायला मजुराला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागते. एसटीचे भाडे पडते, दिवसाची मजुरी बुडते आणि सरकारी यंत्र बंद असेल तर खाजगी केंद्राचे पैसेही भरावे लागतात. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तर त्यावर मुकादमाचा खाडाही चढतो. तपासणी 'मोफत' आहे असे फलकावर लिहिलेले असते. पण गरिबाने मोजलेली किंमत त्या फलकावर कोठेच नसते. अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या न लिहिलेल्या किमतीची दखल घ्यावीशी वाटते.

ही दखल का घ्यायची, याचे उत्तर सरकारच्याच सर्वेक्षणात आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचे सर्वेक्षण झाले. केवळ लक्षणे विचारून थांबले असते, छातीचा फोटो काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, असे त्यात दिसून आले. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक तर उपचारासाठी कोठेही गेले नव्हते. म्हणजे खोकला नसलेला रुग्ण दवाखान्यात जात नाही आणि खोकला असलेलाही बहुधा जात नाही. तेव्हा यंत्रानेच माणसाकडे गेले पाहिजे, हा निष्कर्ष अटळ आहे.

तसे जाणे आता शक्य झाले आहे. काही किलो वजनाचे, बॅटरीवर चालणारे क्ष-किरण यंत्र मोटारसायकलवरून नेता येते. त्याचे चित्र संगणकप्रणाली वाचते आणि संशयित वेगळे काढते. पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी अशा वाचनाच्या वापराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली. संशयितांच्या थुंकीची खातरजमा करणारी ट्रूनॅट चाचणी गोव्यातील कंपनी बनवते. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत अशी हातयंत्रे वापरली गेली. तेव्हा तंत्रज्ञान नाही, ही सबब आता चालणार नाही.

प्रश्न मालकीचा आणि किमतीचा आहे. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले आणि त्यांचे पेटंट घेण्याचे नाकारले. ते ज्ञान साऱ्या मानवजातीचे झाले. पुढे सी.टी. स्कॅनचा जन्म इंग्लंडमध्ये ईएमआय या कंपनीत झाला. १९७१ साली लंडनमधील एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. त्या संशोधनाला ब्रिटिश आरोग्य खात्याचे, म्हणजे करदात्यांचे, पैसे लागले होते. आपल्याकडेही बंगळुरूच्या एका उद्योगाने बनवलेले देशी एम.आर.आय. यंत्र २०२३ साली लोकांसमोर आले, तेही सार्वजनिक निधीच्या आधाराने. जोखमीचा काळ जनतेच्या पैशावर काढायचा आणि कमाईच्या काळात किंमत मात्र बाजाराने ठरवायची, हा व्यवहार न्याय्य नाही. जेथे सरकारी पैसा लागला तेथे सार्वजनिक रुग्णालयांसाठीच्या विक्रीकिमतीची अट करारातच असली पाहिजे.

परंतु स्वस्त यंत्र म्हणजे स्वस्त तपासणी, असे समजणेही भाबडेपणाचे आहे. एका ग्रामीण रुग्णालयात मी पाहिलेले क्ष-किरण यंत्र कापडाने झाकून ठेवलेले होते. देखभालीचा करार संपला होता आणि तंत्रज्ञाचे पद रिकामे होते. खरेदीच्या दिवशी त्याला हार घातला गेला असेल. बंद पडल्याची नोंद मात्र कोणी ठेवली नव्हती. यंत्राचा खर्च त्याच्या किमतीवर संपत नाही. सुटे भाग, दुरुस्ती, वीज, तंत्रज्ञाचा पगार हे सारे दरसाल येतच राहते. हा सारा खर्च काढलेल्या फोटोंच्या संख्येने भागला की एका फोटोची खरी किंमत निघते. दिवसाला पाचच फोटो काढणारे स्वस्त यंत्र अखेरीस महागच पडते.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, हातयंत्राचे चित्र मोठ्या यंत्राइतके स्पष्ट नसते आणि किरणोत्साराचे नियम पाळले जाणार नाहीत. शंका रास्त आहे. हातयंत्राने निदान करायचेच नाही, संशयित निवडायचे आहेत. आणि किरणोत्साराच्या सुरक्षिततेसाठी प्रशिक्षित माणूस नेमणे हाच उपाय आहे. सोनोग्राफीचा अनुभव तर आपण विसरता कामा नये. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी केला. तरीही राज्यातील सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ साली ९१३ होती, ती २०११ साली ८९४ वर आली. हाताशी आलेले यंत्र समाजाच्या नियंत्रणाखाली नसेल तर ते समाजावरच उलटते.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ 'यंत्र द्या' अशी मागणी करून थांबू नये. आपल्या तालुक्यातील रुग्णालयात माहितीच्या अधिकाराखाली चार प्रश्न विचारावेत: यंत्र गेल्या वर्षी किती दिवस बंद होते? एकूण किती फोटो काढले? तंत्रज्ञाचे पद भरलेले आहे काय? संशयित ठरलेल्यांपैकी किती जणांवर उपचार सुरू झाले? या चार आकड्यांतून सारे चित्र उभे राहते. राज्याच्या पातळीवर आपली मागणी अशी असावी की, खरेदीच्या वेळीच दहा वर्षांच्या देखभालीची किंमत धरली जावी, सुटे भाग व दुरुस्तीची माहिती विक्रेत्याने उघड करावी आणि तिचे शिक्षण आयटीआयमधून दिले जावे.

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून निघालेली कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात. हे यंत्र रात्री, कोयता खाली ठेवल्यावर, त्या कोप्यांपर्यंत पोहोचले आणि त्यासाठी कोणाचाही खाडा पडला नाही, तरच तपासणी स्वस्त झाली असे म्हणता येईल.