दवाखान्यातला कागद

तालुक्याच्या दवाखान्यात गर्भपात करून घेतलेल्या बाईला दुखण्यापेक्षा जास्त धास्ती असते ती कागदाची. नाव लिहून घेतले, अंगठा घेतला; उद्या ते कुणाच्या हाती लागेल? पाहुण्यांत कळले तर? ही धास्ती उगीच नाही. पण कायद्याने तिचा विचार केलेला आहे, तो ठाऊक असू द्या.

गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा. त्याखालच्या नियमांप्रमाणे तुमचे नाव एकाच नोंदवहीत लिहायचे असते. तिथे तुम्हाला अनुक्रमांक मिळतो. केसपेपर, ऑपरेशनची वही, पुन्हा तपासायला बोलावतात ते कार्ड, या सगळ्यांवर तो आकडाच घालायचा, नाव नाही. संमतीचा कागद पाकिटात सीलबंद करून वर ‘गुप्त’ असे लिहायचे आणि ते दवाखान्याच्या प्रमुखाने आपल्या ताब्यात ठेवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याने चाळावी अशी ती वही नव्हे.

शिवाय हे कागद जन्मभर ठेवायचे नसतात. नोंदवही शेवटच्या नोंदीनंतर ५ वर्षांनी आणि बाकीचे कागद गर्भपातानंतर ३ वर्षांनी नष्ट करायचे. प्रकरण चालू असेल किंवा वरून तसा हुकूम असेल, तर गोष्ट निराळी.

आता शिक्षा. नियम जाणूनबुजून मोडला तर दंड १,००० रुपयांपर्यंत. एवढ्याशा दंडाला कोण भितो? म्हणून २०२१ साली कायद्यात कलम ५-अ घातले. डॉक्टरने बाईचे नाव-गाव कायद्याने अधिकार नसलेल्या माणसाला सांगितले, तर १ वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. सासू, दीर, सरपंच यांना असा अधिकार कुठल्याही कायद्याने दिलेला नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. मात्र कलमात शब्द डॉक्टरचाच आहे, कंपाउंडर त्यात येत नाही. ही उणीवच म्हणायची, कारण गावात बातमी फुटते ती बहुधा तिथूनच.

पण कुणी असा कागद, किंवा त्याचा मोबाइलवरचा फोटो, जवळ ठेवून “पैसे दे, नाहीतर गावभर करीन” म्हणाला, तर ती खंडणी. मग तो वॉर्डबॉय असो की चुलत दीर. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली पैसे उकळले तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैशासाठी नुसती भीती घातली तरी २ वर्षांपर्यंत.

मुलगी १८ वर्षांच्या आतली असेल तर पालकांची लेखी संमती लागते आणि डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. तरी मुलीने व पालकांनी विनंती केल्यास त्यात नाव घालायची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. ही विनंती करायला लाजू नका.

तुमच्या स्वतःच्या केसपेपरची नक्कल मात्र तुम्हाला मागता येते. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे ती ७२ तासांत द्यावी लागते. घरी आणल्यावर तेवढी खताच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवू नका. ती पिशवी सोसायटीत चार माणसांपुढे उघडते.